अंगठीचं चौदावं पारायण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३८ वर्षांचा, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कॉलेजात असताना सिनेमा बघितला आणि टोल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हातात घेतलं. तेव्हापासून काही वर्षं सोडली तर दर पावसाळ्यात तेच वाचतो. यंदाची चौदावी वेळ. बायको म्हणते, ‘तुमच्या या पोथीचं उद्यापन कधी आहे ते एकदा सांगून टाका.’ रविवारी आम्ही पाच मित्र चहाला भेटतो, सगळे फँटसीवाले. त्यांची गाडी केव्हाच पुढे गेली. सध्या ड्रॅगनवर बसणाऱ्या पोरापोरींच्या लष्करी कॉलेजची मालिका चालू आहे. मी ऐंशी पानांवर ठेवून दिली, तर म्हणाले, म्हातारा झालास. कपाटात न वाचलेली तेवीस पुस्तकं आहेत, यादी सोबत जोडतो. एखादं काढतो, तीस पानं होतात आणि हात परत त्याच खंडांकडे जातो. शिवाय ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या मार्टिनच्या सहाव्या पुस्तकाची २०११ पासून वाट बघतोय. ते येईल तेव्हा येईल, पण त्याआधी मागची पाचही पुन्हा वाचून काढावीत का? की हा सगळाच वेळेचा अपव्यय? मुलगी नऊ वर्षांची आहे, मराठी माध्यमात शिकते. तिला यातलं काय देऊ?
ता. क. दुसरा खंड दोन वर्षांपूर्वी एका मित्राने नेला, तो अजून त्याच्याकडेच आहे. तेवढा भाग मोबाइलवर वाचतो.
– एक पारायणकर्ता

उत्तर :

पारायणकर्ते, तुमच्या बायकोने थट्टेत का होईना, शब्द नेमका वापरला. पोथीच म्हणाली ना? मग आधी एका खऱ्या पोथीचं सांगते.

माझी आजी दर श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण करायची. चाळीस अध्याय. मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा केलेला ग्रंथ. तुम्ही फँटसीवाले म्हणवता आणि तो वाचला नसेल तर तुमच्याच घरातली खोली तुम्ही उघडून बघितलेली नाही, एवढंच म्हणेन. त्यात पोरं खेळता खेळता गोरखकडे चिखलाचा बाहुला मागतात, तो संजीवनी मंत्र घोकत घोकत बाहुला करतो आणि त्या बाहुल्यातून जिवंत मूल उठतं, ते गहिनीनाथ. मच्छिंद्रनाथासारखा योगी स्त्रीराज्यात जाऊन संसारात रमतो आणि चेला त्याला सोडवायला येतो तो तलवार घेऊन नाही, मृदंग घेऊन. ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ असे त्या मृदंगातून बोल उमटतात आणि सिंहासनावर बसलेला गुरू दचकतो.

आजी हे सगळं दरवर्षी वाचायची. पाठ झालं होतं तरी बोट ओवीवरून फिरत असायचं. ‘आई, यंदा नवीन पोथी घ्या ना’ असं तिला कुणी कधी म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर मच्छिंद्रनाथाच्या झोळीत सोन्याची वीट असते. रान लागलं की तो गोरखला विचारतो, पुढे काही भय आहे का रे? गोरखला कळेना, ज्याला कळिकाळाचं भय नाही तो चोराचं भय का विचारतो. झोळी चाचपून बघतो तर वीट. ती तो फेकून देतो. आजी इथे थांबायची आणि पोथीलाच सुनवायची, ‘एवढा मोठा योगी, आणि जीव विटेत!’ आम्ही हसायचो, तीही हसायची. मग एक श्रावण असा आला की धाकट्या काकांनी घराची वाटणी मागितली होती. त्या वर्षी आजीने तो भाग वाचला, चष्मा काढला, पुसला आणि मागची चार पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या वर्षी ती मच्छिंद्राला काही बोलली नाही.

पुढे तिशीत मी तुमचं ते अंगठीचं पुस्तक हातात घेतलं. पहिल्याच प्रकरणात म्हातारा बिल्बो घर सोडून निघतो. अंगठी मागे ठेवायचं कबूल केलेलं असतं. पाकिटात घालून ठेवली म्हणतो आणि पाकीट निघतं त्याच्याच खिशातून! मला तिथे एकदम आजीच्या पोथीतली वीट दिसली. पुढची हजार पानं मी त्या विटेचं वजन धरूनच वाचली. आजीचं पारायण कानावर पडलं नसतं तर तो खिसा मला तेवढा जड लागला नसता.

तर वेळेच्या अपव्ययाचा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला. मी सव्वीस वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असायचा, त्यावर शिक्के पडत जायचे. नवीन, गाजलेल्या कादंबरीचा कागद सहा महिन्यांत भरायचा आणि मग कोरा राहायचा. काही पुस्तकांचा कागद मात्र वर्षानुवर्षं एकाच माणसाने भरलेला. एक निवृत्त पोस्टमास्तर दर मे महिन्यात तीच जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी न्यायचे, बाइंडिंग दोनदा बदलावं लागलं. एकदा मी म्हटलं, ‘काका, शेवट बदललेला नाहीये हो त्याचा.’ ते म्हणाले, ‘म्हणून तर नेतो.’ (मराठी कादंबरी लहानपणी अद्भुतातच वाढली, बरं का. १८६१ची ‘मुक्तामाला’, १८६८ची ‘मंजुघोषा’. पुढे आपल्याला त्याची लाज वाटू लागली, तो विषय निराळा.)

फँटसीचं एक वेगळं आहे. इतर कादंबरीत गाव ओळखीचं असतं, माणसं तेवढी नवी. इथे गाव, नद्या, राजघराणी, मंत्रतंत्राचे नियम, सगळंच नवं. पहिल्या वाचनात निम्मा जीव नकाशात अडकलेला असतो, कोण कुणाचा मुलगा हे लक्षात ठेवण्यात जातो. दुसऱ्या खेपेला कुठे माणूस इकडेतिकडे बघायला मोकळा होतो. त्या कोल्ह्याचंच घ्या. तुम्हाला तो आठवत असणारच. तिघं हॉबिट, म्हणजे कथेतली ती बुटकी माणसं, रानात झाडाखाली झोपलेत, एक कोल्हा जाता जाता थबकतो, मनाशी नवल करतो, हे लोक उघड्यावर कसे झोपलेत, काहीतरी गौडबंगाल दिसतंय. आणि टोल्किन सांगतो की त्याचं बरोबर होतं, पण त्याला पुढे काहीच कळलं नाही. कोल्हा गेला तो गेला, परत येत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही, त्याला हॉबिटांच्या मागावरच्या काळ्या घोडेस्वारांची घाई असते. चौदाव्यांदा वाचणारा त्या कोल्ह्याची वाट बघत असतो.

आणि पुन्हा वाचणं हे आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचंच काम आहे असं समजू नका. खुद्द लेखक तेच करत बसलेत. बिल्बोला ती अंगठी कशी मिळाली ते सांगणारं आधीचं पुस्तक ‘हॉबिट’ १९३७ साली आलं तेव्हा पाचव्या प्रकरणात अंगठीचा आधीचा मालक, गुहेत राहणारा गॉलम, अगदीच निराळा होता. कोड्यांची पैज जिंकलास तर मी तुला बक्षीस देईन असं तो बिल्बोला म्हणतो, आणि ते बक्षीस म्हणजे ती अंगठी. हरतो, अंगठी शोधायला जातो, ती सापडत नाही (कारण ती बिल्बोच्या खिशात), तर बिचारा माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवून देतो. काय सज्जन! पण पुढचं मोठं पुस्तक लिहिताना ही अंगठी इतकी भयंकर निघाली की ती कुणी बक्षीस म्हणून देईल हे पटेना. तेव्हा टोल्किनने ते प्रकरण नव्याने लिहून १९४७मध्ये प्रकाशकाकडे पाठवलं, फक्त नमुना म्हणून. काही वर्षांनी नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली तर नवीन मजकूर त्यात सरळ घातलेला! १९५१पासून तोच गॉलम आपण वाचतो, चवताळलेला, चोर चोर म्हणून ओरडणारा.

मग जुन्या आवृत्तीचं काय करायचं? लोकांच्या घरात ती होतीच. टोल्किनने काय केलं बघा. मोठ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगून टाकलं की ती पहिली हकिकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती. अंगठीवर हक्क दाखवायला त्याने गोष्ट बदलून सांगितली, आणि इतका सरळ माणूस थाप मारतो म्हणजे ही वस्तू साधी नाही, हे जादूगार गँडाल्फने तिथेच ओळखलं. स्वतःची चूक त्याने पात्राच्या पदरात घातली आणि तीच कथेचा पुरावा करून टाकली. आता याहून बारीक गोष्ट. अंधारात बिल्बोच्या हाती तलवार आहे, समोर गॉलम वाट अडवून बसलाय, मारणं सोपं आहे, पण बिल्बोला त्याची दया येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. ती दया १९३७च्या पुस्तकात नव्हतीच. तिथे गॉलम वाटाड्या होता, मारण्याचा प्रश्नच कुठे आला? गँडाल्फ पुढे ज्या दयेबद्दल बिल्बोच्या वारसाला, फ्रोडोला सुनावतो, जिच्यावर शेवटी अग्निपर्वताच्या कड्यापर्यंतची सगळी कथा उभी राहते, ती दया टोल्किनने मागे जाऊन घातली. आता सांगा, चौदा वेळा वाचणं जास्त झालं का?

हे झालं कौतुक. आता थोडं बोलणं खा.

तुमचं चुकतंय ते दुसरीकडे. पत्रात तुम्ही पुस्तकाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. यंदा काय सापडलं, कुठे अडलात, कोणता माणूस पूर्वी आवडायचा आणि आता आवडत नाही, काही नाही. आकडा तेवढा सांगितलात, चौदा. तोच ऋतू, तेच खंड (एक मोबाइलवर), तोच वेग. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यासारखं झालंय तुमचं. भाडं वीस वर्षांपूर्वीचं, कुठल्या पायरीचा टवका उडालाय ते अंधारातही पायाला माहीत. त्यात नव्या जागेचं डिपॉझिट जड वाटणारच. प्रत्येक नवी फँटसी पहिली शंभर पानं डिपॉझिट मागते, तुम्ही तीस पानांवर किल्ली परत करून येता.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात वाचू नका. २२ सप्टेंबरपर्यंत थांबा. ती बिल्बोची आणि फ्रोडोची वाढदिवसाची तारीख, तुम्हाला सांगायला नको. गणपती, पितृपक्ष, घटस्थापना यांतलं त्या दिवशी काय येईल ते दरवर्षी बदलतं, पण २२ सप्टेंबर २२ सप्टेंबरच राहते. मागच्या परिशिष्टात टोल्किनने तारीखवार जंत्री दिलेली आहे. त्या जंत्रीप्रमाणे वाचा. ज्या दिवशी कथेतली मंडळी चालतील त्या दिवशी तुम्ही चाला, ते थांबतील तिथे थांबा. (शायर या हॉबिटांच्या मुलखाच्या पंचांगात बाराही महिने तीस-तीस दिवसांचे आहेत, त्यामुळे आपल्या कॅलेंडरशी एखाददुसऱ्या दिवसाचा घोळ होतो. तो घोळ सोडवत बसणारे लोक आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.)

२२ला मेजवानी वाचा. लगेच पुढचं प्रकरणही उरकून टाका, कारण मध्ये सतरा वर्षं जातात आणि तेवढं थांबायला मी सांगणार नाही. २३ सप्टेंबरला फ्रोडो घर सोडतो. २० ऑक्टोबरला नदीच्या उतारावर घोडेस्वार वाहून जातात. २५ ऑक्टोबरला रिव्हेंडेल या एल्फांच्या ठाण्यावरची सभा. आणि मग? मग २५ डिसेंबरपर्यंत मंडळी तिथेच बसून आहेत! हेर पाठवलेत, ते परत येईपर्यंत जेवणं, गाणी, गप्पा. वाचताना आपण ते दोन महिने दोन पानांत ओलांडतो. तुमच्या त्या तेवीस पुस्तकांसाठी ही जागा टोल्किननेच मोकळी सोडलीय असं समजा. पुढे १३ जानेवारीला मोरियाच्या भुयारांत शिरतात, दोन दिवसांनी गँडाल्फ कोसळतो, त्यानंतर पुन्हा जवळजवळ महिनाभर, १६ फेब्रुवारीपर्यंत लोथलॉरिएनच्या रानात मुक्काम. तिथे आणखी एक पुस्तक बसतं. २५ मार्चला अंगठीचा नाश. इंग्लंडमधल्या टोल्किन सोसायटीने २००३पासून तोच दिवस टोल्किन वाचनाचा दिवस म्हणून धरलाय. उरलेली सहा प्रकरणं मग सावकाश, उन्हाळ्याच्या दुपारी.

गँडाल्फ पडल्यावर महिनाभर पुस्तक बंद ठेवायचं, हे तुम्ही कधी केलेलं नाही. मी एकदा केलं. पान उलटायला हात शिवशिवत होते, पण त्या मंडळींनाही महिनाभर काही सुचत नव्हतंच की.

रिव्हेंडेलच्या दोन महिन्यांत काय वाचायचं? तुमच्या यादीत सँडरसनचं ‘द वे ऑफ किंग्ज’ दिसतंय. ते आता नको. हजार पानांचं ते पहिलंच पुस्तक, पाचवं २०२४च्या डिसेंबरात आलं आणि लेखकाने एकंदर दहा योजलीत. तुमच्यासारख्या माणसाने एका पोथीतून उठून त्यात बसायचं म्हणजे पुढची चौदा वर्षं गेली. आधी ‘पिरानेसी’ काढा. सुझाना क्लार्कचं, २०२०चं, अंगाने बारीक. एक माणूस अफाट मोठ्या वाड्यात राहतो. दालनामागून दालनं, जिकडेतिकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती येते. तो रोजनिशी लिहितो आणि मध्येच एकदा जुन्या वह्या उघडून वाचतो, तर त्याच्याच अक्षरात असं काहीतरी लिहिलेलं निघतं जे त्याला मुळीच आठवत नाही. बस, पुढचं सांगत नाही. पारायणाची सवय असलेल्या माणसाला त्या पानावर काय होतं ते तुम्ही मला कळवा.

दुसरं तुमच्या यादीत नाही, पण आणाच. अर्सुला ले ग्विनची अर्थसीची पुस्तकं. पहिलं १९६८चं. बेटांचं जग, बकऱ्या राखणारा गेड नावाचा सावळा पोरगा, आणि जादू अशी की वस्तूचं खरं नाव कळलं तर ती वस्तू ऐकते. पोरगा मिजाशीत एक मंत्र म्हणून बसतो आणि एक सावली मोकळी सुटते. १९७२पर्यंत तीन पुस्तकं झाली, पातळ पातळ, तिन्ही मिळून तुमच्या एका खंडाएवढी. मालिका संपली असंच सगळे धरून चालले होते. मग १९९०मध्ये, अठरा वर्षांनी, बाई परत आल्या. त्याच जगात, त्याच माणसांकडे. पण या खेपेला महापुरुषांच्या मागे न जाता त्या चुलीपाशी बसल्या. दुसऱ्या पुस्तकातली पुजारीण मुलगी टेनार आता शेतकऱ्याची विधवा, पदरात भाजलेलं एक परकं पोर, आणि ज्याचं सामर्थ्य आटलंय असा एक दमलेला माणूस दारात येतो. पहिल्या तीन पुस्तकांत बायकांच्या जादूला कुणी विचारत नव्हतं. म्हण होती तिथली, बायकांच्या जादूइतकी दुबळी. ती म्हण स्वतःच लिहिलेल्या त्या बाईंनी अठरा वर्षांनी ते परत वाचलं आणि विचारलं, असं का बरं? चौथं पुस्तक सगळं त्या एका प्रश्नावर उभं आहे. कित्येकांना ते आवडलं नाही, आमचा गेड परत द्या म्हणाले. मलाही पहिल्यांदा आवडलं नव्हतं. पंचेचाळिशीनंतर आवडलं. तुम्ही पहिली तीन रिव्हेंडेलमध्ये वाचा, चौथ्याला लोथलॉरिएनपर्यंत थांबा. अठरा वर्षं नाही तर निदान महिना दीड महिना जाऊ द्या.

आता तुमचे मित्र आणि ते ड्रॅगन. रिबेका यारोसची ती मालिका २०२३मध्ये सुरू झाली, तिसरं पुस्तक २०२५च्या जानेवारीत आलं. मी पहिलं दोन रात्रींत वाचलं, तिसऱ्या दिवशी नायिकेचं नाव आठवेना. माझी भाची मात्र त्यातली तज्ज्ञ आहे. तिच्या प्रतीला कडेने इतक्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्यात की पुस्तक मिटत नाही. पिवळी म्हणजे कोण खोटं बोललं, गुलाबी म्हणजे ते तुम्ही समजून घ्या, निळी म्हणजे पुढे उपयोगी पडेल असा दुवा. तिसरं यायच्या आधी तिने पहिली दोन्ही पुन्हा वाचली, एक एक चिठ्ठी ताडून. म्हणजे ते लोक तुमच्यापुढे गेलेले नाहीत, तुमच्याच रांगेत आहेत, पोथी तेवढी वेगळी. पुस्तक आवडलं नाही तर ऐंशी पानांवर ठेवायला काहीच हरकत नाही. पण रविवारच्या चहाला त्यांना विचारा, पुन्हा कोणतं पान वाचलं आणि का. ‘म्हातारा झालास’ला हे उत्तर पुरेल.

मार्टिनचं थोडक्यात सांगते, कारण त्या विषयावर रागावून बोलणारे पुष्कळ आहेत. सहावं यायच्या आधी उजळणी म्हणून पाच ठोकळे वाचू नका, परीक्षेची तारीखच जाहीर नाही तर उजळणी कसली. वाचावंसं वाटलं तर वाचा, आणि वाचाल तेव्हा २००५चं चौथं आणि २०११चं पाचवं एकत्र करून वाचा. दोन्हींचा बराचसा काळ एकच आहे, पात्रं तेवढी वाटून दिलीत. वाचकांनी दोन्हींची प्रकरणं एकाआड एक लावून क्रम तयार केलेत, त्या क्रमाने वाचलं की चौथं पुस्तक रेंगाळतं ही तक्रार बरीचशी जाते. तेवढाही वेळ नसेल तर डंक आणि एगच्या तीन कथा आहेत, २०१५मध्ये एका पुस्तकात आल्या. उंच, भोळा शिलेदार आणि टकलू पोरगा रस्त्याने चाललेत. त्या राज्यातला चिखल, जत्रा, मानपान सगळं त्यात आहे, आणि हरेक कथा जिथल्या तिथे पुरी होते. रॉथफसच्या तिसऱ्या पुस्तकाचीही वाट बघत असाल तर काय बोलणार. नायक तीन दिवसांत आपली हकिकत सांगायला बसलाय, २००७ आणि २०११मध्ये दोन दिवस झाले, तिसरा दिवस उजाडायचाय.

रॉबर्ट जॉर्डनच्या वाचकांनी याहून वाईट दिवस बघितले. ‘व्हील ऑफ टाइम’ १९९०ला सुरू झालं, २००७मध्ये लेखक गेला, शेवट बाकी. ते काम सँडरसनकडे आलं तेव्हा त्याने आधी काय केलं? सगळे खंड पहिल्यापासून पुन्हा वाचले. मग शेवटच्या एका पुस्तकाची तीन झाली आणि २०१३मध्ये चौदावा खंड आला. चौदा हा आकडा तुमच्या राशीलाच दिसतोय.

मुलीचं आता. नऊ वर्षं, मराठी माध्यम, म्हणजे वाचायला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ द्या. ते नावच बघा किती सहज बसलंय. इंग्रजीत त्या दगडाला दोन शब्द लागतात, आपल्याकडे परीस म्हटलं की लोखंड, सोनं, सगळी गोष्ट आलीच. घरात कुणाकडे चांदोबाचे जुने अंक असतील तर तेही तिच्या हाती पडू द्या. विक्रम-वेताळच्या पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या चार ओळी दर महिन्याला त्याच असायच्या, आणि आम्ही त्याही वाचायचो, गाळायचो नाही. शंकर यांनी काढलेला तो विक्रम, खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, तो मला अजून पाठमोराही ओळखू येईल.

‘हॉबिट’ मात्र तिला वाचायला देऊ नका, सांगा. तुमचं इतकं वाचून झालंय की पुस्तक हातात घ्यायची गरज नाही. रात्री दिवे घालवून, मराठीत, तुमच्या बोलीत. गॉलमच्या गुहेत पोचलात की टोल्किनची कोडी भाषांतर करत बसू नका. अंधार, वारा, अंडं, काळ ही उत्तरं तीच ठेवा, कोडी तिच्या आजीकडून आणा. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ बिल्बोच्या तोंडी काय शोभेल बघा. गॉलमने चांदणं बघून किती वर्षं झाली असतील, ते कोडं बिल्बोने घालायचं आणि गॉलमला उत्तर लवकर आठवायचं नाही. आणि पोरीला विचारा, बिल्बोने त्याला मारायला हवं होतं का. ती काय म्हणते ते लिहून ठेवा, तारीख घालून.

राहिला तुमचा दुसरा खंड. तो मोबाइलवर वाचायचं बंद करा. जंत्रीप्रमाणे गेलात तर पहिला खंड संपून मंडळींची फाटाफूट होते ती २६ फेब्रुवारीला, तोवर दुसऱ्याची गरज पडणार नाही. मित्राला आजच फोन करा. दोन वर्षं ठेवून घेतलाय म्हणजे त्याने वाचलेला नसणार, आणि वाचला असेल तर त्याला पहिला खंड कुणी दिला, तेही विचारा.